परत न आलेल्या पुंगळ्या

८ एप्रिल, मंगळवार

बादली ७ मध्ये आज एक जिवंत निघालं. न उडालेलं काडतूस, धुऊन परत विकायला आलेल्या रिकाम्या पुंगळ्यांच्या ढिगात, बाकीच्यांसारखंच मळकं. हाताला जड लागलं म्हणून कळलं. जिथून उचललं तिथेच ठेवलं, दोन पावलं मागे सरलो आणि ग्रॅहमला हाक मारली. युनिट त्याचं, बंदुकीचं सर्टिफिकेटही त्याचं. माझ्याकडे नाही, त्यामुळे जिवंत माल मी हाताळायचा नाही. त्याने ते लोखंडी पेटीत टाकून कुलूप लावलं.

‘वेल स्पॉटेड, सॅम.’ माझं नाव सुमेध आहे हे दीड वर्षात दोनदा सांगून झालं.

मग बादल्या १ ते ६ पुन्हा पाहिल्या. अख्ख्या. पॅकिंगच्या टेबलावरून कुलदीपआंटी ओरडली, ‘पुत्तर, एकेकीचं बारसं करतोयस का?’ जेवायला पाऊण तास उशीर झाला. पण पाहिल्याशिवाय घास उतरला नसता.

१० एप्रिल, गुरुवार

ग्रॅहमने नियमांचा कागद नवा छापून, लॅमिनेट करून भिंतीवर लावला. मराठीत उतरवून घेतो, म्हणजे डोक्यात बसेल. आधी लोहचुंबक फिरवायचा, स्टीलच्या पुंगळ्या वेगळ्या काढायच्या. मग बुडावरचा शिक्का वाचून आकाराप्रमाणे वेगवेगळ्या ट्रेमध्ये. ड्रममध्ये पाणी, साबण, लिंबूसत्त्व आणि स्टीलच्या बारीक काड्या, तीन तास फिरवायचं. वाळवायचं. वाकवलेली तार आतून फिरवून बुडाजवळ खाच लागते का बघायचं. तोंडाला तडा असेल तर भंगारात. आणि सगळ्यात खाली, लाल अक्षरांत: अमोनिया कशातच नाही, कधीच नाही.

शेवटच्या नियमाचं मला कधी टेन्शन नव्हतं. अमोनिया म्हणजे खिडक्या पुसायची निळी बाटली. ती ऑफिसमध्ये असते. मी तिला हात लावत नाही.

आज एका बाईंच्या शेडमधला माल आला. नवरा गेला, शेड रिकामी करायची होती. पाचशे थ्री-नॉट-थ्री, जुन्या रायफलींच्या. एकदाच उडवलेल्या, पण काळ्या पडलेल्या, जशी वापरात नसलेली समई पडते. ग्रॅहम म्हणाला, चांगल्या आहेत, हल्ली मिळत नाहीत, पण ह्या रंगाच्या कोण घेणार?

१४ एप्रिल, सोमवार

कामावरून परस्पर पॅडिंग्टन, तिथून कॅमडेन. किंग हेन्रीज रोडवरच्या, आता स्मारक झालेल्या घराबाहेर ही रांग. आई तिच्या केअर होमची शिफ्ट बदलून आली होती, पांढऱ्या साडीवर कोट. जयंतीला ती दरवर्षी रडते आणि दरवर्षी म्हणते, वाऱ्याने पाणी आलं.

हॅरोचे कांबळेकाका भेटले. कौन्सिलमध्ये इंजिनिअर होते, आता रिटायर. रविवारचा मराठी वर्ग घेतात. चार वर्षं मी त्यांच्याकडे शिकलोय.

‘काय रे सुमेध, हल्ली काय चाललंय?’

‘पितळेचं काम आहे काका. स्लाऊला.’

‘अरे वा, तांबट झालास की!’ सगळे हसले.

आई म्हणाली, ‘नळाचे पार्ट असतात ना रे ते?’

मी मान हलवली. नुसती हलवली. हो म्हटलं नाही. पण नाहीसुद्धा म्हटलं नाही. ट्रेनमध्ये परत येईपर्यंत हेच डोक्यात.

१६ एप्रिल, बुधवार

थ्री-नॉट-थ्री दोनदा ड्रममधून काढल्या. काळपट त्या काळपटच. ग्रॅहम म्हणतो, भंगारात टाकू. पाचशेच्या पाचशे! तार फिरवून बघितल्यात मी, आतून एकदम स्वच्छ आहेत. डाग पडलाय म्हणून वितळवून टाकायच्या?

१७ एप्रिल, गुरुवार

ग्रॅहम दुपारीच निघाला, ईस्टरसाठी कॅरॅव्हॅन घेऊन. मी डब्याच्या पिशवीतून घरची बाटली आणली होती. आई बुद्धमूर्तीला आणि समईला लावते ते पांढरं पॉलिश. पिंपरीला चिंच होती, इथे ही बाटली. मूर्ती बोटभर पॉलिशने अशी निघते की खोलीत दिवा लावल्यासारखं वाटतं.

एका पुंगळीवर लावून पाहिलं. दोन मिनिटांत पिवळीधमक. पाचशे हाताने कधी करणार? काड्या काढल्या, ड्रममध्ये गरम पाणी घेतलं, त्यात अख्खी बाटली ओतली. तासभर फिरवलं. काढायला गेलो तर कुलदीपआंटी चावी हलवत दारात. ‘चल बेटा, मला बस आहे. कुठे पळून जातंय तुझं पितळ?’

तसंच ठेवून आलो. शनिवारी येऊन काढू असं मनात.

१९ एप्रिल, शनिवार

युनिटला गेलो. गेटलाच कुलूप. बँक हॉलिडे वीकेंड, इंडस्ट्रियल इस्टेटवर चिटपाखरू नाही. अर्धा तास गेटपाशी उभा राहिलो. काय होणार आहे, पाण्यातच तर आहेत. तरी परत येताना दोनदा बस स्टॉपवरून मागे वळलो.

२२ एप्रिल, मंगळवार

सोनं! दुसरा शब्द नाही. पाणी हिरवं-निळं झालं होतं, तीन वेळा धुतलं, काड्या टाकून परत फिरवलं, वाळवलं. दोन-तीन पुंगळ्यांना गुलाबी झाक आली होती, त्या बाजूला काढल्या. पाचशेवर आणखी थोड्या होत्याच, त्यांतून भर घातली. तार पुन्हा फिरवली, तोंडं पुन्हा पाहिली.

ग्रॅहमने ट्रे खिडकीपाशी नेला. ‘ब्लडी हेल, सॅम.’ कसं केलंस म्हणाला. मी म्हटलं, जास्त वेळ ठेवलं. ते खरंच होतं.

२५ एप्रिल, शुक्रवार

वेबसाइटवर फोटो टाकल्यापासून दोन दिवसांत गेल्या. पाच माणसं, प्रत्येकी शंभर. शेवटची पिशवी फोनवर विकली गेली, एक म्हातारे गृहस्थ, ईमेल नाही. पाचही लेबलं मी माझ्या हाताने लिहिली. ग्रॅहमने टी-ब्रेकला डोनट आणले आणि म्हणाला, हे सॅमसाठी. कुलदीपआंटी: ‘ह्याच्या बायकोला भांडी घासावी लागणार नाहीत.’

रात्री छान झोप लागली. लिहून ठेवतो, कारण असं फार होत नाही.

११ मे, रविवार

उद्या पौर्णिमा. आईने मूर्ती टेबलावर घेतली, वर्तमानपत्र अंथरलं. नवी बाटली. आधीची कुठे गेली हे तिने दोनदा विचारलं, मी टीव्हीकडे बघत राहिलो. तिने झाकण उघडलं, वास आला, तिला खोकला आला. ‘खिडकी उघड रे, काय ते अमोनियाचं.’

मी म्हटलं, कशाचं?

‘अमोनिया. केअर होममध्ये ट्रेनिंगला सांगितलंय, बाथरूमच्या ब्लीचबरोबर वापरायचं नाही म्हणून.’

बाटली फिरवून मागचं वाचलं. अक्षरं मुंगीएवढी, पण आहे. चौथा शब्द.

मग वाचत बसलो. पितळ आणि अमोनिया. ताण असलेल्या पितळेला अमोनिया आतून तडकवतो, वरून दिसत नाही. पुंगळी तर ताणलेलंच पितळ, एकदा उडालेलं. एकजण लिहितो, मी वीस वर्षं हेच पॉलिश वापरतोय, काही झालं नाही. दुसऱ्याने फोटो टाकलाय, पुंगळी उभी चिरलेली, केळीच्या सालीसारखी. पहिला माणूस कपड्याने पुसतो. मी पाच दिवस भिजत घातल्या.

रायफल गालाला लावलेली असते. पुंगळी फाटली तर गॅस मागे येतो. मागे म्हणजे डोळ्यावर.

पाच लेबलं. पाच माणसांचे डोळे.

१२ मे, सोमवार

सुट्टी टाकली होती पौर्णिमेसाठी. हॉलमध्ये वंदना, पंचशील, मग कांबळेकाका अष्टांगिक मार्गावर बोलले. सम्यक आजीविका. उपासकाने करू नयेत असे धंदे त्यांनी बोटांवर मोजले आणि पहिलंच बोट शस्त्रांचं. माझ्याकडे बघून नाही. मी तांबट.

माझी खीर डब्यात घालून घेतली. बसमध्ये आईला सगळं सांगितलं. नळ नाहीत, काडतुसाच्या पुंगळ्या आहेत. लोक परत भरून वापरतात, क्लबमध्ये कागदावर नेम धरतात, काहीजण हरणं मारतात. आणि तुझी बाटली मीच नेली. आणि काय झालं ते.

वाटलं ती शस्त्रांवरून बोलेल. तिने खिरीचा डबा पिशवीत नीट उभा केला. मग:

‘दीड वर्षं मी माणसांना नळ नळ सांगत फिरले.’

‘आई, रिकामी पुंगळी म्हणजे शस्त्र नाही ना पण?’

‘पहिल्या शीलाचं, जीव घेण्याचं, नंतर बघू. आत्ताच तासाभरापूर्वी चौथं म्हणून आलास ना? खोटं बोलणार नाही म्हणून? बाटलीचं मला नको सांगू. ज्यांना माल दिलास त्यांना सांग.’

‘नोकरी जाईल.’

‘जाऊ दे की. डोळा गेला तर कुठून आणणारेस?’

१३ मे, मंगळवार

सांगितलं नाही. ग्रॅहमच्या दोन डिलिव्हऱ्या होत्या. खरं म्हणजे मध्ये वीस मिनिटं तो मोकळा होता. मी ट्रे पुसत बसलो. एकच ट्रे.

कुलदीपआंटीने कपाळाला हात लावून पाहिला. ‘ताप नाही. मग कोण मुलगी?’

१४ मे, बुधवार

सांगितलं. सकाळी, तो कोट काढत असतानाच, नाहीतर राहिलं असतं. रिकामी बाटली घेऊन गेलो होतो, ती त्याच्यापुढे ठेवली.

त्याने भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

‘किती वेळ?’

‘पाच दिवस.’

तो खुर्चीवर बसला. बराच वेळ बाटलीचं मागचं वाचत राहिला, चष्मा वर करून, मग खाली करून. ‘प्रॉबब्ली फाइन,’ म्हणाला. मग पुन्हा, ‘प्रॉबब्ली.’ मग कॉम्प्युटर चालू केला आणि मला म्हणाला, नावं वाच.

चौघांना ईमेल गेला: वापरू नका, परत पाठवा. पाचवे ते म्हातारे गृहस्थ, मि. प्रॉसर, प्यूझीजवळच्या गावात राहतात. फोन वाजत राहिला. ग्रॅहमने पत्र लिहिलं. मी ते पोस्टात टाकलं आणि पेटीच्या तोंडात हात घालून पाहिलं, आत पडलंय ना.

माझं काय ते त्याने काही सांगितलं नाही. ‘आधी ह्या आणू’ एवढंच.

१७ मे, शनिवार

तिघांचं उत्तर आलं. भरलेल्या नाहीत, पाठवतो. एकाने आभार मानले. आभार! मी ती ओळ चार वेळा वाचली, टोमणा आहे का बघायला. नाही वाटत.

प्रॉसर: शांत. मी तीनदा फोन केला, एकदा साठ रिंगा मोजल्या.

२० मे, मंगळवार

चौथ्याने सगळ्या उडवून झाल्या आणि मग ईमेल वाचला. उडवलेल्या पुंगळ्या पेटीतून पाठवल्या, आत चिठ्ठी: काहींची तोंडं चिरली, जुना माल आहे, असं चालतंच. माणूस ठीक आहे. मी पेटी टेबलावर ओतली.

मग भिंग घेऊन एकेक पाहिली. तोंडं चिरलेल्या सात. ते खरंच चालतं, ग्रॅहमही म्हणाला, जुन्या थ्री-नॉट-थ्रीचं तोंड चिरतंच. पण एक्याऐंशीव्या पुंगळीला तोंडाला काही नाही. बुडाच्या वर बोटभर अंतरावर उभी रेघ, केसाएवढी. नखाला लागते. तिथे चिरायला नको.

ग्रॅहमने बराच वेळ भिंगातून पाहिलं. आज ‘प्रॉबब्ली’ म्हणाला नाही. प्रॉसरना दुसरं पत्र, ह्या वेळी रजिस्टर्ड.

२३ मे, शुक्रवार

रजिस्टर्ड पत्र कोणी घेतलं नाही. घरात कोणी नाही असं कार्ड टाकून पोस्टमन परत. ग्रॅहम बँक हॉलिडेला बायकोला घेऊन कॅरॅव्हॅनवर चाललाय, मंगळवारी परत. ‘मंगळवारपर्यंत थांब, सॅम. तो सत्तरीपलीकडचा माणूस आहे, रोज थोडीच रायफल घेऊन बसतो?’

मला कसं माहीत की नाही बसत?

२४ मे, शनिवार

गेलो. स्लाऊ, रीडिंग, प्यूझी, तिथून बस, मग पावणेदोन मैल चालत, फुटपाथ नाही. आईने सकाळी डब्यात रव्याचे लाडू दिले होते. ‘कुणाच्या घरी मोकळ्या हाताने जायचं नाही. त्यातून असलं काही सांगायला तर नाहीच.’

मि. प्रॉसर बागेत होते, गुडघ्यावर, वाफ्यात. तीन वेळा हाक मारली. ऐकायचं मशीन ड्रॉवरमध्ये असतं म्हणे, ‘कुणाचं ऐकायचं राहिलंय?’ ग्रॅहमचं पहिलं पत्र चहाच्या टेबलावर, बियांच्या कॅटलॉगखाली, न उघडलेलं. मीच उघडून मोठ्याने वाचून दाखवलं.

‘तो पितळवाला पोरगा तू? अरे, चाळीस वर्षांत इतकं देखणं पितळ पाहिलं नाही मी!’

मी म्हटलं, सर, तेच चुकलंय.

सांगितलं सगळं. बाटली, पाच दिवस, केसाएवढी रेघ. फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी लाडू खात फोटो पाहिला. शंभरच्या शंभर भरून झाल्यात. वीस उडवल्या. ‘आणि हा बघ, दोन्ही डोळे.’ डोळे मोठे करून दाखवले.

म्हटलं, उरलेल्या द्या सर, मी घेऊन जातो. ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला.

‘भरलेली काडतुसं? ट्रेनमधून? सर्टिफिकेट आहे?’

नाही.

‘मग हात लावायचा नाही, पोरा. बघायचंसुद्धा लांबून.’

घराबाहेर पडल्यावर कळलं. रिकाम्या असत्या तर त्या मी पिशवीतून आणू शकलो असतो. त्यांनी त्या भरल्या आणि भरल्या क्षणापासून त्या माझ्या राहिल्या नाहीत. चूक माझी, आणि तिला शिवायचं नाही.

निघण्याआधी म्हणालो होतो, सर, ग्रॅहम येईपर्यंत प्लीज वापरू नका. ते म्हणाले, ‘रविवारी मॅच आहे.’ हा रविवार का, विचारलं. ‘पुढचा.’ पुढे म्हणाले, ‘मी काय आज नेम धरायला शिकलो?’

डबा परत दिला नाही. आवडले असावेत.

२५ मे, रविवार

आईला सांगितलं. ‘ऐकलं नाही त्यांनी?’

‘ऐकलं. मानलं नाही.’

‘मग परत जा.’ ती भाजी निवडत होती. जरा वेळाने: ‘ग्रॅहमना घेऊन जा.’

तीन वाजता कांबळेकाकांचा फोन, आईने त्यांना सांगितलेलं दिसतंय. ‘तांबटा, ऐकतोय ते खरं का?’ वाटलं आता व्याख्यान. तर म्हणाले, ‘त्या म्हाताऱ्याशी हळू बोललास ना? म्हाताऱ्यांना घाई केली की ते हट्टाला पेटतात. मला माहीत आहे.’ शस्त्रांच्या त्या बोटाचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढला. तर म्हणाले, ‘त्यावर बसून बोलू. आधी हातातलं निस्तर.’

२७ मे, मंगळवार

ग्रॅहम दारात शिरला आणि मी म्हटलं, आज चला.

‘आज बारा बादल्या आल्यात, सॅम.’

म्हटलं, बादल्यांना डोळे नाहीत. कसं तोंडातून निघालं माहीत नाही. मी त्याच्याशी कधी असं बोललो नव्हतो. कुलदीपआंटीने टेप चिकटवणं थांबवलं.

त्याने कोट काढून खुंटीला लावला. मग उद्याच्या डिलिव्हऱ्या पुढे ढकलायला फोन उचलला. ‘उद्या. सातला.’

२८ मे, बुधवार

व्हॅनमध्ये दोन तास. ग्रॅहम रेडिओ लावतो आणि मग बंद करतो. एकदाच बोलला: अठरा वर्षांचा असताना त्याने एका क्लबला काडतुसांत चुकीची दारू भरून दिली होती. काय झालं विचारलं. ‘काही नाही. नशीब.’ आणि नंतर, ‘माझ्या बॉसला मी अजून सांगितलेलं नाही. आता तो नाही.’

मि. प्रॉसरनी आमच्याकडे पाहिलं, ग्रॅहमच्या हातातल्या हातोडीसारख्या पुलरकडे पाहिलं. पुलर आपटला की आतली गोळी निघून येते. ते म्हणाले, ‘दोघं दोघं आलात. म्हणजे मी मरणार हे नक्की.’

ग्रॅहम म्हणाला, ‘ह्या पोराला झोप लागत नाही, आर्थर. मलाही आता लागत नाही.’

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ‘लाडू आणलेत?’ आणले होते.

मग दोघे टेबलाशी बसले. काडतूस पुलरमध्ये, ठोका, ठोका, गोळी बाहेर, दारू बरणीत. प्रॉसरांची बोटं सांध्यांत वाकलेली, दहा झाल्या की थांबून चोळायचे. मी दाराशी उभा, टेबलापासून हातभर लांब, ग्रॅहमने सांगितलं होतं तिथेच. गोळी आणि दारू निघालेली पुंगळी त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली की मी उचलायची, भिंगाखाली धरायची, पिशवीत टाकायची. आधी उडवलेल्या वीसही त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून काढून दिल्या.

साडेतीन तास. रेघ असलेल्या आणखी दोन निघाल्या. दुसरी मी प्रॉसरांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांचं नख त्यावर नेलं. ते बराच वेळ नख वरखाली करत राहिले. टिंगल थांबली. पुढच्या काडतुसांना ते ठोका हळू मारायला लागले.

शेवटी पेटी रिकामी. मी पिशवी टेबलावर ओतली आणि दहा-दहाच्या ओळी लावल्या. आठ ओळी आणि वर आठ. पुन्हा लावल्या. अठ्ठ्याऐंशी.

‘शंभर होत्या सर.’

‘असतील कुठेतरी.’

ग्रॅहमने पेटी उलटी केली, ड्रॉवर पाहिले, बंदुकीच्या कपाटात प्रॉसरनी स्वतः पाहिलं. तेव्हा त्यांना आठवलं. क्लबमध्ये एकाला डझनभर दिली होती. वापरून बघ म्हणून. इतकी देखणी होती ना.

नाव? बिल. किंवा बर्ट. सर्टिफिकेट बघितलं होतं, ते पक्कं, पण त्यावरचं नाव काही डोक्यात राहिलं नाही. दाढी आहे. निळी छोटी गाडी. शुक्रवारी येतो.

ग्रॅहमने तिथूनच क्लबच्या सेक्रेटरीला फोन लावला. मशीनवर गेला. निरोप ठेवला, आपला नंबर दोनदा सांगितला. व्हॅनमध्ये म्हणाला, ‘करता येईल तेवढं केलंस, सॅम.’ आणि स्लाऊच्या जवळ आल्यावर, गिअरवरचा हात काढून, ‘सुमेध.’ उच्चार जवळजवळ बरोबर होता.

नोकरीचं विचारायचं मला त्या वेळी सुचलंच नाही.

२९ मे, गुरुवार

सेक्रेटरीचा फोन आला नाही. ग्रॅहमने सकाळी परत लावला, जेवणाच्या सुट्टीत परत. सेक्रेटरीची बायको उचलते, म्हणते फिशिंगला गेलेत, सोमवारी येतील. क्लबच्या मेंबरांची यादी तिच्याकडे नाही, असती तरी दिली नसती, बरोबरच आहे.

उद्या ग्रॅहमला सर्टिफिकेटच्या पोलीस तपासणीसाठी युनिटवरच राहावं लागणार, ती तारीख तीन महिन्यांपूर्वी ठरलेली. तो म्हणाला, सोमवारी सेक्रेटरी येऊ दे. आईने लाडवांचा दुसरा डबा घासून ओट्यावर पालथा घालून ठेवला.

बारा पुंगळ्या. एकीला रेघ असेल किंवा एकीलाही नसेल. तो दाढीवाला कदाचित त्या शोकेसमध्ये ठेवून बसला असेल.

संध्याकाळी क्लबचा नंबर शोधून बारला फोन केला. एका मुलीने उचलला. शुक्रवारी सहाला उघडतं. रेंजवर जायचं तर मेंबर किंवा पाहुणा लागतो. कार पार्कला काही लागत नाही. सर्टिफिकेटसुद्धा नाही, मी विचारून घेतलं. पावणेपाचला तिथे पोचवणारी ट्रेन पकडली तर निळ्या गाडीच्या आधी उभा असेन.